झोप सुधारण्याचे आपापले उपाय: मापासकट लिहा

झोपेबद्दलचे ठरावीक सल्ले सगळ्यांना पाठ आहेत. मोबाइल लांब ठेवा, हलकं जेवा, चिंता करू नका. ते इथे नकोत. वापरून पारखलेली एखादीच गोष्ट लिहा, पण नीट: किती, कशी, किती दिवस आणि कुठे फसते. तक्रार कोणती तेही सांगा. झोप लागतच नाही, लागते पण मोडते, आणि आठ तास झोपूनही अंग आंबलेलं राहतं, या तीन निरनिराळ्या भानगडी आहेत. एकीचं औषध दुसरीला लावलं की 'काही फरक पडत नाही' हेच ऐकू येणार.

कुशीवर

तिसऱ्या तक्रारीबद्दल, म्हणजे उशीबद्दल लिहितो. लोक गादीवर पैसे घालतात आणि उशी हाताला लागेल ती घेतात, खरं तर उलट हवं.

कुशीवर झोपणाऱ्याने भिंतीला एक खांदा टेकवून, मान सरळ ठेवून उभं राहावं आणि भिंतीपासून कानापर्यंतचं अंतर कुणाकडून तरी मोजून घ्यावं. त्यातून खांदा गादीत जितका रुततो तितकं वजा करायचं. मऊ गादीत तो ३-४ सेंमी सहज रुतेल, कडक गादीत जेमतेम १. म्हणजे कडक गादीला उंच उशी आणि मऊ गादीला बुटकी. उशीची उंची डोक्याच्या वजनाखाली दबल्यावरची धरायची, दुकानात फुगलेली दिसते ती नव्हे.

नवी उशी आणण्याआधी पातळ उशीखाली टॉवेलच्या घड्या घालून बघा. एक घडी वाढवली की तीन-चार रात्री तशाच काढायच्या, रोज बदल केला तर काहीच कळत नाही. तपासायला पाठीमागून फोटो काढायला सांगा: मानेचा कणा पाठीच्या कण्याशी एका रेषेत दिसला पाहिजे. उशीवर डोकं आणि मान, खांदा नाही. उशी बुटकी असेल तर खालचा खांदा चेंगरतो आणि हाताला मुंग्या येतात. फार उंच असेल तर डोकं वर उचललं जातं आणि मान अवघडते.

दुसरी उशी गुडघ्यांमध्ये. इथे नेहमीची चूक म्हणजे छोटी उशी. गुडघा टेकतो पण पाऊल खाली लोंबतं, मांडी आत वळते आणि कंबर दुखायची ती दुखतेच. उशी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोचेल एवढी लांब हवी. कंबरेखाली पोकळी राहत असेल तर तिथे टॉवेलची पातळ गुंडाळी. वरचा हात पुढे पडून खांदा ओढला जात असेल तर छातीशी एक उशी धरा.

उताणं झोपणाऱ्यांना डोक्याखाली पातळ आणि गुडघ्यांखाली १०-१५ सेंमीची उशी पुरते. पालथं झोपणाऱ्यांची मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते, त्यावर चांगला तोडगा नाही. लांब उशीला मिठी मारून अर्धं कुशीवर येणं, एवढाच मधला मार्ग.

रातवा

वरच्याला जोड. जळजळ किंवा आंबट पाणी घशाशी येऊन झोप मोडत असेल तर डोक्याखाली दोन-तीन उशा रचू नका. त्याने शरीर पोटात दुमडतं आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. पलंगाच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली १५ ते २० सेंमीचे ठोकळे द्या. ठोकळ्याला वर खाच हवी, नाहीतर कूस बदलताना पलंग घसरतो. पलंग उचलता येत नसेल तर उतरती पाचर-उशी घ्या, पण तिने कंबरेपर्यंत आधार दिला पाहिजे. पहिल्या काही रात्री माणूस खाली घसरत जातो, त्यासाठी मांड्यांखाली चादरीची गुंडाळी ठेवा. झोपायचं डाव्या कुशीवर: त्या बाजूला जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं. जेवण आणि आडवं होणं यात तीन तास.

घुबड_२

झोप लागत नाही किंवा मध्येच तास-दीड तास टक्क जाग असते, आणि हे महिनोन्‌महिने चाललंय, तर अंथरुणातला वेळ कमी करा. उलटं वाटतं खरं. पण झोप भरून काढायला लवकर आडवं होणं हेच दुखणं लांबवतं. ही पद्धत झोपेचे संशोधक आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडली.

एक-दोन आठवडे रोज सकाळी नोंद करा: कधी आडवे झालात, अंदाजे किती झोपलात, कधी उठलात. समजा १०:३० ते ६:३० अंथरुणात, म्हणजे ८ तास, आणि प्रत्यक्ष झोप सरासरी साडेपाच तास. साडेपाच भागिले आठ, साधारण ६९ टक्के. आता उठायची वेळ ६:३० पक्की आणि झोपायची १:००. अंथरुणात फक्त साडेपाच तास. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली की झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. ८० ते ८५ असेल तर आहे तसंच चालू ठेवा. ८० च्या खाली गेली तर १५ मिनिटं कापा, पण पाच तासांच्या खाली कधीच जायचं नाही.

फसतं ते तीन ठिकाणी. सुट्टीच्या दिवशी उठायची वेळ सरकते. साडेनऊला सोफ्यावर डुलकी लागते आणि दिवसभर साठलेली झोपेची भूक तिथेच मारली जाते. आणि सर्वांत जास्त लोक सहाव्या-सातव्या दिवशी सोडून देतात, कारण सुरुवातीला दिवसा खरोखर हाल होतात. त्या दिवसांत गाडी चालवू नका. फेफरं, बायपोलर आजार किंवा झोपेत चालण्याचा त्रास असेल, किंवा काम यंत्रावरचं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करूच नका.

याच्या जोडीला मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांचा १९७२ चा नियम: अंथरूण झोपेसाठीच. पंधरा-वीस मिनिटं झोप येत नाहीये असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा आणि डोळे जड झाले की परत या. मिनिटं अंदाजाने, घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं बरं.

मांजरझोप

डोकं चालूच राहतं त्यांच्यासाठी. उद्याच्या कामांची यादी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं कागदावर लिहा, मोघम नको, 'बिल' असं नुसतं न लिहिता कुठलं आणि कधी. २०१८ च्या एका प्रयोगात अशी यादी करणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली.

तरी विचार थांबत नसतील तर अक्षरांचा खेळ. एक साधा शब्द घ्या, 'बदक'. ब वरून वस्तू आठवा: बशी, बगळा, बटण, बोगदा. प्रत्येकाचं चित्र डोळ्यांपुढे पाच-सात सेकंद धरायचं आणि सोडायचं. ब संपला की द, मग क. वस्तूंची एकमेकींशी गोष्ट जुळवू नका, तुटक राहण्यातच त्याचं काम आहे. 'कर्ज', 'कचेरी' आलं की लगेच पुढचा शब्द. आणि ज्यात ळ किंवा ण आहे असा शब्द निवडू नका, नाहीतर 'ळ वरून काय?' यातच पहाट होईल.

निवांत

कोमट-गरम पाण्याने अंघोळ, ४० अंशांच्या आसपास, दहा मिनिटं, झोपण्यापूर्वी एक ते दोन तास. लगेच आधी नाही. हातापायांच्या त्वचेकडे रक्त जातं, तिथून उष्णता बाहेर पडते आणि शरीराचं आतलं तापमान उतरतं. झोप त्या उतारावर लागते. अंघोळ करून थेट पांघरुणात शिरलं तर तो उतार सुरू व्हायच्या आधीच तुम्ही कूस बदलत बसता. पाय गार पडणाऱ्यांना सैल मोजेही चालतात. घट्ट नकोत.

कापूस

फोमचे कानातले बोळे 'काम करत नाहीत' म्हणणारे बहुतेक जण ते नुसते कानाच्या तोंडाशी खोचतात. हात कोरडे, बोळा बोटांत फिरवून सुरकुती न पडता बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला की नीट बसला. काढताना हळूहळू फिरवत, झटका नाही. कानात मळ किंवा दुखणं असेल तर वापरू नका.

पहाटवारा

घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दिवसा पेंग: इथे उशा-बिशा नकोत, झोपेची तपासणी करून घ्या. सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) मिळालं असेल तर मास्क बसून नाही, आडवं होऊन, हवा चालू ठेवून जुळवा. आडवं झाल्यावर चेहरा पसरतो आणि फट बदलते. पट्टे करकचून आवळले की गळती वाढते, कारण मास्कची उशीसारखी कड फुगायला जागाच राहत नाही. चेहरा आणि मास्कची कड रोज सौम्य साबणाने धुवा, तेलकटपणामुळे मास्क सरकतो. नळीत पाणी साठून गुळगुळ आवाज येत असेल तर खोली गार आहे: नळीला कापडी वेष्टण द्या किंवा आर्द्रता एक पायरी कमी करा. घुसमटतंय असं वाटणाऱ्यांनी आठवडाभर दिवसा वाचताना वीस मिनिटं लावून बसावं. दाबाचा आकडा मात्र स्वतः बदलू नका.

रातवा

संध्याकाळी टेकल्यावर पायांत वळवळ होते आणि हलवल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तपासून घ्यावं. हिमोग्लोबिन ठीक असूनही ते कमी असू शकतं. अशांना सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी वळवळ वाढते, झोपेसाठी त्या घेऊ नयेत.

मांजरझोप

घुबड_२, घड्याळ बघायचं नाही तर नोंद कशी करायची? मनगटी पट्ट्याचा आकडा चालेल का?

घुबड_२

नको. पट्टा मुख्यतः हालचालीवर बेततो, त्यामुळे निपचित पडून छत बघत असाल तेही तो झोपेत धरू शकतो. तुमचे ६९ टक्के तिथे ८५ दिसतील आणि वेळ वाढवून बसाल. सकाळी उठल्यावर दहा मिनिटांत अंदाजाने लिहा, पंधरा-वीस मिनिटांची चूक आठवड्याच्या सरासरीत जिरते.