‘रापणे’ म्हणजे केवळ काळे पडणे का?

अनुवादिका: त्वचेच्या आरोग्यावरील एका माहितीपुस्तिकेचे भाषांतर करताना मी एका वाक्यापाशी अडले आहे. वर्षानुवर्षे ऊन सोसल्याने चेहऱ्याची त्वचा जाड, पिवळसर आणि राठ होते, तिच्यावर खोल सुरकुत्या पडतात आणि तपकिरी ठिपके उमटतात. या सगळ्याला मिळून मी ‘रापलेली त्वचा’ असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘प्रकाशजन्य वार्धक्य’ असे केले आणि समासात शेरा दिला की रापणे म्हणजे फक्त काळे पडणे. माझे वडील जमीन मोजणीच्या कामावर होते. निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांचा रंग बराच निवळला, तरी त्यांचा चेहरा रापलेला आहे असेच घरात सगळे शेवटपर्यंत म्हणत. तेव्हा या शब्दात रंगाखेरीज आणखी काही असलेच पाहिजे, असे मला वाटते. आपला अनुभव काय आहे?

जुनी वही: संपादकांचे म्हणणे मला पटते. चार दिवस उन्हात हिंडून आलेल्या मुलाला आपण ‘किती रापलास’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या त्वचेला वय चढले असे आपल्याला सुचवायचे नसते. किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला रापण म्हणतात आणि ती ओढणारी माणसे दिवसभर उन्हात असतात. क्रियापद तेथूनच आले असावे, असे मी फार दिवसांपासून मानत आलो आहे.

पानगळ: जाळ्याचे नाव आणि क्रियापद यांचा उच्चार जुळतो, यापलीकडे त्या व्युत्पत्तीला काही आधार दिसत नाही. समुद्र कधी न पाहिलेली माणसेही रापतात आणि तोच शब्द वापरतात. मुलाच्या उदाहरणाबाबत मात्र मी वेगळे म्हणेन. एका दुपारी कोणी रापत नाही. एका दुपारी माणूस भाजतो, लाल होतो, फार तर काळवंडतो. रापायला उन्हाची सवय व्हावी लागते, आणि हा मुरण्याचा काळ त्या क्रियापदातच आहे. हात रापतात असे आपण म्हणतो, तेव्हा रंगाइतकाच त्यांचा खरखरीतपणाही आपल्या मनात असतो.

त्वचावैद्य: शब्द कोणताही निवडावा, परंतु दोन वेगळ्या घटना एकत्र करू नयेत, एवढी माझी विनंती आहे. उन्हाने रंग गडद होतो तो मेलॅनिन या त्वचेतील रंगद्रव्यामुळे. वरचा थर झडून नवा येतो, तसा तो रंग काही आठवड्यांत ओसरतो. पुस्तिकेतील बदल याच्या खाली, आंतर्त्वचेत घडतो. अतिनील किरणांपैकी ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण तेथवर पोहोचतात, त्यांच्यामुळे त्वचेला बळकटी देणारे कोलॅजेन तोडणारी विकरे (एन्झाइम) वाढतात आणि त्वचेला लवचीकपणा देणाऱ्या, पण बिघडलेल्या इलॅस्टिनचे पुंजके साठत जातात. हे किरण खिडकीच्या साध्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात. ६९ वर्षांच्या एका मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. २८ वर्षे खिडकीकडे राहिलेली त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू जाड झाली होती आणि खोल सुरकुत्यांनी भरून गेली होती, तर उजवी बाजू कितीतरी तरुण दिसत होती. दोन्ही बाजूंचे वय अर्थातच एक होते. त्यामुळे ‘वार्धक्य’ हा शब्दही मला नेमका वाटत नाही. केवळ वयाने त्वचा पातळ व कोरडी होते आणि तिच्यावर बारीक सुरकुत्या येतात, उन्हाने ती जाड होते. दंडाची आतली बाजू आणि चेहरा शेजारी धरून पाहिले, तर हा फरक कोणालाही दिसेल.

पानगळ: मग आपल्याकडे ‘निबर’ हा शब्द तयारच आहे. जून होऊन कडक झालेल्या, कोवळेपण गेलेल्या वस्तूला आपण निबर म्हणतो, आणि कातडी निबर झाली हा प्रयोगही रूढ आहे. ‘उन्हाने निबर झालेली त्वचा’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याच्या बोटांना ती त्वचा जाणवेल. ‘प्रकाशजन्य वार्धक्य’ वाचून काहीच जाणवत नाही.

काटेकोर: माहितीपुस्तिकेत स्पर्श जाणवण्यापेक्षा अर्थ निश्चित असणे महत्त्वाचे आहे. निबर हा शब्द मनालाही लावतात, आणि रुग्णाला तो शेरा वाटेल. ‘प्रकाशजन्य वार्धक्य’ हे ज्या ‘फोटोएजिंग’ या इंग्रजी संज्ञेचे भाषांतर आहे, ती त्वचासंशोधक क्लिगमन दांपत्याने १९८६ मध्ये वापरात आणली आणि तीही जोडून घडवलेलीच आहे. घडवलेल्या शब्दासाठी आपणही शब्द घडवला, तर त्यात कमीपणा नाही. फक्त ‘प्रकाश’ फार व्यापक आहे, म्हणून ‘आतपजन्य’, म्हणजे उन्हामुळे झालेले, हे रूप मी सुचवीन.

जुनी वही: ‘आतप’ किती वाचकांना कळेल? डॉक्टर जे म्हणतात तेच ‘फोटोएजिंग’ देवनागरीत लिहावे, पुढे एका वाक्यात अर्थ सांगावा आणि मोकळे व्हावे. सनस्क्रीन आपण तसेच स्वीकारले आहे.

अनुवादिका: याच पुस्तिकेत चेहरा हलताना पडणारी सुरकुती आणि कायमची सुरकुती असा भेद आहे. तेथेही मला दोन शब्द हवे आहेत.

पानगळ: पहिलीसाठी कपाळापुरता तरी ‘आठी’ हा शब्द आहे. आठी नाराजीबरोबर येते आणि जाते, सुरकुती मुक्कामाला येते. आपल्या भाषेने हा भेद किती सहज जपला आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

काटेकोर: डोळ्यांच्या कडेला मात्र आठी पडत नाही, त्यामुळे भेद अर्धाच राहतो. ठिपक्यांसाठी आपण ‘वांग’ लिहिले आहे का? तो ‘व्यंग’चा तद्भव असावा. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे किरकोळ रोगांमध्ये, व्यंग येते, आणि तेथे त्याचे कारण क्रोध व श्रम असे दिले आहे.

त्वचावैद्य: वांग येथे लिहू नये. वांगाचे डाग पसरट असतात, बहुधा दोन्ही गालांवर सारखे येतात आणि त्यांत गर्भारपणाचा व संप्रेरकांचाही वाटा असतो. उन्हात वर्षे काढल्यावर येणारे सुटे तपकिरी ठिपके वेगळे.

अनुवादिका: ठिपक्यांची दुरुस्ती करते. आपणा सर्वांचे वाचून वडिलांची काही जुनी छायाचित्रे पुन्हा काढून पाहिली. उन्हात डोळे बारीक करून पाहण्याची त्यांना सवय होती, त्यामुळे डोळ्यांच्या कडेच्या चुण्यांमध्ये ऊन कधी पोहोचलेच नाही. ते निवांत बसलेले असताना त्या चुण्या उलगडत आणि रापलेल्या कातडीवर फिकट रेघांचा पंखा दिसे. त्या रेघांना कोणाकडे शब्द आहे का?