उंच मुलाला ऐकवले जाणारे शेरे
वयाच्या मानाने उंच मुलाला पाहून ‘एवढा मोठा होऊन रडतोस?’ असे अनोळखी माणसे सहज बोलून जातात आणि त्याकडे दुर्लक्ष करावे, असे अनेक जण सुचवतात. मला ते अर्धेच पटते. मुलाच्या देखत असे कोणी बोलले, तर ‘तो चारच वर्षांचा आहे’ एवढे शांतपणे, पण मुलालाही ऐकू जाईल असे सांगावे, कारण लोक उंचीवरून वयाचा अंदाज बांधतात आणि समजूतदारपणाची अपेक्षाही मग त्याच हिशेबाने करतात. ‘याला खायला काय घालता?’ या प्रश्नावर मात्र हसून पुढे जाणे पुरे. (उंची बरीचशी आईवडिलांकडूनच येते, हे रस्त्यात कोणाला समजावत बसणार?) वाढीच्या तक्त्यावरील (वयानुसार उंची नोंदवण्याच्या आलेखावरील) मुलाची रेषा एकाएकी आधीपेक्षा वेगाने वर चढू लागली, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.