लाटा चमकवणारा जीव आणि जीवाश्म
रत्नागिरीच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकवणारा नॉक्टिल्युका हा डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एका गटातला एकपेशीय सूक्ष्मजीव आहे, हे बरोबरच. पण 'डायनोफ्लॅजेलेटांचे जीवाश्म मिळतात, म्हणजे खाडीच्या गाळात त्याचेही सापडतील' असं कुणी म्हटलं, तर ते पटत नाही. त्याच्या अंगावर कडक पट्ट्या नसतात आणि तो टिकाऊ सिस्टही (कवचात बंद झालेली सुप्त पेशी) बनवत नाही. डायनोफ्लॅजेलेटांच्या मोजक्याच जाती अशा सिस्ट बनवतात. त्यांचं सेंद्रिय कवच इतकं चिवट, की वाळू विरघळवणाऱ्या हायड्रोफ्लोरिक आम्लातही शाबूत राहतं.

आणि या सिस्टच्या जीवाश्मांचं वर्गीकरण नुसत्या कवचावरच्या काट्यांवरून होत नाही! पेशी बाहेर पडते ते दार, म्हणजे आर्किओपाइल, कुठल्या पट्टीच्या जागी उघडलंय ते पाहावं लागतं. जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्गने १८३०च्या दशकात चकमकीच्या दगडात पाहिलेल्या काटेरी गोळ्यांची खरी ओळख, म्हणजे त्या डायनोफ्लॅजेलेटांच्या सिस्ट आहेत हे, अमेरिकी संशोधक एव्हिटने १९६१ मध्ये हे दार दाखवून दिल्यावर पटली.