शब्दचर्चा : नटाची छबी, लकब की बाज?

सातरस्ता : मालिकांमधल्या गुप्तहेरांवर लिहिताना 'पर्सोना'ला मराठी शब्द हवा आहे. नट पडद्यावर आला की त्यानं तोंड उघडायच्या आत प्रेक्षक जे धरून चालतो, ते. 'व्यक्तिमत्त्व' म्हटलं की अर्थ नटाच्या घरच्या स्वभावाकडे जातो. 'प्रतिमा' चालेल का?

जॅकार्ड : 'प्रतिमा'ला राजकारणाचा वास आहे, ती मलिन होते, उजळते. त्यापेक्षा 'छबी' घ्या. 'एक शून्य शून्य' या पोलीस मालिकेतले शिवाजी साटम ज्यांनी पाहिले होते, त्यांना १९९८ साली 'सीआयडी'तला प्रद्युम्न नवखा वाटलाच नाही. ती छबी, आधीच्या कामांतून साठलेली. प्रद्युम्नचं बोलताना हवेत बोटं फिरवणं ही मात्र लकब. अरबीत 'लकब' म्हणजे किताब, उपाधी. मराठीत ती अंगातली खास सवय झाली. लकब सुटी काढता येते, नकलाकार तीच उचलतात. 'करमचंद' मालिकेतल्या गुप्तहेराच्या हातातलं गाजर उद्या कुणाच्याही हातात देता येईल. संशयिताला बोलतं करतानाचा पंकज कपूरचा ठेका देता येणार नाही. त्याला 'बाज' म्हणावं.

सातरस्ता : मग 'भूमिका नटावर बेतली' हे वाक्य बरोबर ना?

कंबर तलाव : तिथं अडतं ओ. '-वर बेतणं' म्हटलं की कानाला 'जिवावर बेतलं' ऐकू येतं. 'नटाच्या मापानं बेतली' लिहा. आणि तेही दरवेळी खरं नसतं. बेतणं म्हणजे कात्री लावण्याआधी कापडावर माप आखणं. अमेरिकी मालिकेतल्या कोलंबो या पोलीस तपासनिसाचं उदाहरण घ्या. १९६० साली तो टीव्हीवर बर्ट फ्रीडनं केला होता, पुढं रंगमंचावर थॉमस मिचेलनं. पीटर फॉक आला १९६८ साली. म्हणजे कपडा आधीच शिवलेला होता, तो फॉकच्या अंगावर बसता केला. लहानपणी उजवा डोळा गेलेला, त्या जागी काचेचा. त्यातून ती तिरपी नजर. रेनकोटही त्याचा स्वतःचाच. इथं 'बेतली' चूक, 'अंगावर बसवली' बरोबर.

जॅकार्ड : मान्य. आपल्याकडं गणवेश शिवणारे हा फरक रोज करतात. नंबरावर कापलेला माल वेगळा, मापावर बेतलेला वेगळा. शिलाईत मार्जिन सोडलं असेल तरच नंतर उसवून सैल करता येतं. भूमिकेचंही तेच. लेखकानं गुप्तहेराचं चालणं, कपडे, खाणं सगळं लिहून टाकलं तर नटाला उसवायला शिवणच उरत नाही. मग तो वरून एखादी लकब चिकटवतो आणि ती चिकटवलेली दिसते.

सातरस्ता : 'ब्योमकेश बक्षी'त तर उलटं झालं.

कंबर तलाव : हो. १९९३ साली रजित कपूर यांची घरोघरी पोचलेली अशी छबी आधीपासून नव्हती, भूमिकेनंच ती त्यांना दिली. तिथं 'छबी घडवली' म्हणा, 'छबी वापरली' नको. आणि ब्योमकेशला 'गुप्तहेर' लिहू नका. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. 'हेर' आला की वाचक वेशांतर शोधतो. धोतर नेसून शांतपणे प्रश्न विचारणाऱ्या माणसाला तो शब्द बसत नाही.

जॅकार्ड : लिंग तेवढं सांभाळा. छबी, लकब स्त्रीलिंगी. बाज पुल्लिंगी, 'नटाचा बाज'. शीर्षकात 'नटाची' खाली तिन्ही ओढलेत, ते बदला. 'नटाची बाज' म्हणजे त्याची खाट.