विसरणं आणि आठवणं : तुमचे अनुभव लिहा

परवा आतल्या खोलीत गेले आणि दारातच थबकले. कशाला आले होते, काही केल्या आठवेना. परत बाहेर आले, टेबलावरचं न फोडलेलं पाकीट दिसलं आणि लक्षात आलं, कात्री! एका खोलीतून दुसरीत गेलं की मनातला आधीचा प्रसंग मागे पडतो, हे प्रयोगांतही दिसलं आहे. तरी पन्नाशी ओलांडल्यापासून असं काही झालं की मनात पाल चुकचुकते. म्हणून हा धागा काढला. रोजच्या जगण्यात लक्षात राहावं म्हणून तुम्ही काय करता? कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही? उपदेश नकोत, घडलेलं लिहा.

*

माझं दुखणं गॅसचं. जिना उतरून खाली गेलं की शंका यायची, बंद केला ना? मग पुन्हा वर. बटण बंदच असायचं. हात आपोआप काम करत होता आणि मन भलतीकडेच. मग बटण फिरवताना मोठ्याने "गॅस बंद" म्हणायला लागले. आठवडाभर बरं चाललं, नंतर पुन्हा तेच. कारण कालचं म्हटलेलं आणि आजचं म्हटलेलं एकमेकांत मिसळायला लागलं. आता त्याला त्या दिवसाची एखादी खूण जोडते. "गॅस बंद, अंगात निळा कुडता." "गॅस बंद, बाहेर कुत्रा भुंकतोय." जिन्यात शंका आली की तो कुत्रा आठवतो आणि पाऊल पुढे पडतं. दोन वर्षं झाली, फार क्वचित वर जावं लागतं.

*

बेचाळिसाव्या वर्षी खात्याची परीक्षा द्यायची वेळ आली. पुस्तक रंगीत पेनांनी भरून टाकलं, चार-चार वेळा वाचलं, सगळं ओळखीचं वाटायचं. कोरा कागद समोर आला की मात्र पाटी कोरी. वाचताना ओळखीचं वाटणं वेगळं आणि पुस्तक मिटून आठवणं वेगळं, हे कळायला एक प्रयत्न वाया गेला. दुसऱ्या खेपेला पद्धतच बदलली. एक प्रकरण वाचायचं, पुस्तक मिटायचं, आठवेल ते लिहायचं, मग उघडून काय राहिलं ते पाहायचं. तेच दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग दहाव्या. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवातीला झपाट्याने गळती, पुढे ती मंदावते. माझ्या वहीतही हुबेहूब तसंच दिसलं. पहिल्या दिवसानंतरची उजळणी चुकली की सगळं पहिल्यापासून करावं लागायचं.

*

कृपा करून "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

बाबा सदुसष्ट वर्षांचे. तोच प्रश्न पुन्हा विचारायचे, चष्मा भलत्याच ठिकाणी ठेवायचे, हिशेबात गडबड करायचे. आठ महिने आम्ही सगळ्यांनी हेच म्हटलं, वय झालं. पायाला मुंग्या येतात म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा रक्ततपासणीत बी-12 फारच कमी निघालं. शिवाय झोप लागावी म्हणून ते अ‍ॅलर्जीची एक गोळी मनानेच रोज घेत होते, ती डॉक्टरांनी बंद केली. तशा काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांना गोंधळल्यासारखं होतं, असं त्यांनी सांगितलं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर तीन-चार महिन्यांत बाबा पुन्हा स्वतः हिशेब लिहायला लागले. मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत. उपचाराला उशीर झाला की मज्जातंतूंचं नुकसान पुरतं भरून येईलच असं नाही. ते आठ महिने मला अजून टोचतात. थायरॉइड, नैराश्य, अपुरी झोप यांनीही विसरायला होतं, तेव्हा आधी तपासून घ्या.

*

आमच्या सासूबाईंचं विसरणं म्हणजे ऐकू न येणं होतं. "सांगितलं होतं ना!" म्हणून घरात वाद व्हायचे. त्यांच्यापर्यंत निम्मं पोचलंच नव्हतं, तर लक्षात काय राहणार? कानाचं यंत्र आल्यावर दोन महिने कुरकुर झाली, आता सकाळी उठल्यावर आधी तेच लावतात. ऐकणं कमी झालेल्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

*

नवीन जागी जाताना फोनवरचा नकाशा लावतो, परतताना बंद ठेवतो. एवढंच. पहिल्यांदा दोनदा चुकलो, पण आता रस्ते डोक्यात बसतात.

*

मी वर्षभर रोज शब्दकोडी सोडवली. कोडी सोडवण्यात तरबेज झाले, नावं विसरायची ती विसरतेच. खरा फरक रात्रपाळी सुटल्यावर पडला. आठ तास सलग झोप मिळायला लागली आणि सकाळी वाचलेलं संध्याकाळपर्यंत टिकायला लागलं. दिवसभरातलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेतच होतं.

*

आईला अल्झायमर आहे, सहावं वर्ष. माझं नाव तिला आठवत नाही. आधी मी सारखी दुरुस्त करायचे, "अगं, मी तुझी मुलगी." तिचा चेहरा कावराबावरा व्हायचा. आता दुरुस्त करत नाही. पण हातांची आठवण वेगळी असते. 1953 मध्ये मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर हेन्री मोलेसन यांना नवं काही लक्षात राहत नसे. तरी आरशात पाहून चित्र गिरवण्यात त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला, आणि आदल्या दिवशी ते केल्याचं त्यांना आठवतही नसे. आईचंही काहीसं तसंच. दोरीवरून चादर काढली की ती दोन टोकं स्वतः धरते, दोन माझ्या हातात देते आणि मागे सरकते. घडीची कड चुकली तर पुन्हा उलगडायला लावते.

*

वरच्या ताईंना विचारायचं होतं, आईंच्या गोळ्यांचं कसं करता? माझ्या वडिलांनी काल दोनदा घेतल्या.

*

सात दिवसांची कप्प्यांची डबी आणा. रविवारी रात्री भरायची, बाकीच्या पट्ट्या कुलपात. कप्पा रिकामा दिसला की घेतली, विचारायलाच नको. आणि काल दोनदा घेतल्यात, तर गोळीचं नाव सांगून आजच डॉक्टरांना फोन करा.