वजनासाठी गोळी की इंजेक्शन? माझं मत इंजेक्शनला

इंदिरानगरकर

माझ्या वहिनीला साखर आहे, थायरॉइड आहे, वजन 92 किलो, आणि गुडघ्यांनी जिने चढणं बंद केलंय. डॉक्टरांनी सेमाग्लुटाइड हे साखर आणि वजन उतरवणारं औषध सुचवलं आणि दोन वाटा सांगितल्या. एक रोजची गोळी, दुसरी आठवड्यातून एकदा पोटावर घ्यायचं इंजेक्शन. घरात सगळ्यांचं एकच, "गोळीच बरी, सुई कशाला?" मला हे पटत नाही. निर्णय अजून व्हायचाय, म्हणून इथे मांडतोय.

ही गोळी क्रोसिनसारखी कधीही गिळता येत नाही. उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याच्या अर्ध्या कपाबरोबर घ्यायची. पाणी 120 मि.ली.च्या वर नको. त्यानंतर किमान अर्धा तास चहा नाही, खाणं नाही, दुसरी गोळीसुद्धा नाही. कारण सेमाग्लुटाइड हे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखंच. ते पोटात पचून जातं. म्हणून गोळीत 'स्नॅक' नावाचा एक पदार्थ घालतात, जो जठराच्या अस्तरातून औषध आत पोचवतो. एवढं करूनही रक्तात उतरतं ते जेमतेम एक टक्का. नियम मोडला की तेही घटतं.

आता वहिनीची सकाळ बघा. साडेपाचला उठते. थायरॉइडची गोळी, तीही रिकाम्या पोटीच. मग दोन डबे, आईंचा चहा, आणि आईंबरोबर ओट्याशी उभ्या उभ्या स्वतःचा अर्धा कप. दिवसात ती निवांत अशी तेवढीच असते. या सकाळीत अजून एक अर्धा तास कुठून आणायचा? चार दिवस पाळेल, पाचव्या दिवशी कुणाचा तरी डबा आधी येईल. इंजेक्शनला असलं काही नाही. वार ठरवायचा, जेवणाआधी घ्या की नंतर, फरक पडत नाही.

दुसरं, आकडे. 2.4 मि.ग्रॅ.च्या साप्ताहिक इंजेक्शनने 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं. 2021 चा स्टेप-1 नावाचा अभ्यास. गोळीचे चांगले आकडे दाखवतात ते 25 मि.ग्रॅ.चे. आपल्याकडे 2022 पासून जी गोळी लिहून देतात ती 3, 7 आणि 14 मि.ग्रॅ.ची, आणि तिला मंजुरी मधुमेहासाठी आहे. 14 वर मधुमेही लोकांचं वजन साधारण चार किलोंनी कमी झालं. म्हणजे 92 चे 88. तेवढ्याने गुडघे सुटतील का?

द्राक्षबाग

तुमची तळमळ समजते, पण गोळीवर अन्याय होतोय. मी मखमलाबादला राहते, मधुमेहासाठी हीच गोळी घेते. सकाळचा प्रश्न मलाही वाटला होता. उशाशी मापाची छोटी वाटी आणि गोळीची पट्टी ठेवते. डोळे उघडले की गोळी, मग केस विंचरून, चपला घालून थेट गोल्फ क्लबच्या मैदानावर. परत येईपर्यंत अर्ध्या तासाच्या वर झालेलं असतं आणि चहा आयता मिळतो, कारण तो आता घरचे करतात. वहिनींचा चहा दुसऱ्या कुणी केला तर काय बिघडतं? वेळ नाही म्हणता, पण ती वेळ घरानेच घेतलीय ना.

थायरॉइडची गोळी माझ्या डॉक्टरांनी रात्री हलवली, जेवणानंतर तीन तासांनी. हे मनाने करू नका. सेमाग्लुटाइडच्या गोळीबरोबर थायरॉइडचं औषध रक्तात जास्त उतरू शकतं, म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, पुन्हा करून मात्रा ठरवावी लागते.

आणि 25 मि.ग्रॅ.चा आकडाही सांगाच की. ओॲसिस-4 या अभ्यासात 64 आठवड्यांत 13.6 टक्के. तुमच्या इंजेक्शनच्या 14.9 पासून कितीसं लांब आहे ते? अमेरिकेत डिसेंबर 2025 मध्ये ती गोळी वजनासाठी मंजूरही झाली. शिवाय मळमळ सुरू झाली तर गोळी त्याच दिवशी बंद करता येते. इंजेक्शन एकदा आत गेलं की आठवडाभर भोगायचं.

सातपूरचा केमिस्ट

ताई, बाकी सगळं बरोबर, पण शेवटचा मुद्दा चूक आहे. अंगात गेल्यावर दोन्ही एकच औषध. निम्मं उतरायलाच साधारण आठवडा लागतो, मग ते पोटातून गेलेलं असो की कातडीखालून. आज गोळी थांबवली म्हणून उद्या मळमळ थांबेलच असं नाही. हा गैरसमज काउंटरवर रोज ऐकतो.

तरीही माझा कौल गोळीच्या बाजूचा आहे, आणि कारण आहे फ्रीज. इंजेक्शनचं न वापरलेलं पेन 2 ते 8 अंशांत राहायला हवं. वापरायला काढलेलं पेन ठरावीक दिवस बाहेर चालतं, पण 30 अंशांच्या आत. आपला मे महिना 40 ला टेकतो. पेठ-सुरगाण्याकडची माणसं माझ्याकडून पेन नेतात. मी बर्फाच्या पॅकबरोबर थर्मोकोलच्या डब्यात देतो, पण पुढे एसटी, पुढे वडाप, आणि घरी वीज असेल तेव्हा फ्रीज. काही जण काळजीने थेट फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये ठेवतात. गोठलं की ते औषध फेकायचं, वितळवून वापरायचं नाही. दिसायला ते तसंच पाण्यासारखं दिसतं, त्यामुळे बिघडलेलं कळतच नाही. गोळीला हा जाच नाही. फक्त पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नका, तिला दमट हवा चालत नाही.

अंबड तिसरी पाळी

ज्यांची सकाळ सकाळीच होते त्यांना गोळी ठीक. माझी पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रपाळी करून सात वाजता घरी येतो, खातो आणि झोपतो. माझं "रिकामं पोट, उठल्या उठल्या" कधी दुपारी तीनला, कधी पहाटे. गोळी घेऊन बघितली, निम्म्या वेळा चुकायची. आता रविवारी इंजेक्शन. डोक्याला ताप नाही.

ओझरकर

गोळी नको, इंजेक्शन नको. आपले आजोबा पायी शेतात जायचे, त्यांना कुठे लागलं सेमाग्लुटाइड? दोन भाकऱ्या कमी करा, पांडवलेणी चढा, तळलेलं सोडा. माझं 11 किलो असंच उतरलं. औषध सोडलं की वजन परत येतं म्हणतात, मग पैसे घालवायचे कशाला?

इंदिरानगरकर

दादा, तुमचं उतरलं याचा मनापासून आनंद आहे. पण जिना चढता न येणाऱ्या बाईला पांडवलेणी चढ म्हणणं मला बरं वाटत नाही. ती गेली कित्येक वर्षं भात मोजून खाते. हे औषध जीएलपी-1 या आतड्यातल्या संप्रेरकाचं काम करतं. मेंदूला पोट भरल्याची खबर देतं, जठर सावकाश रिकामं करतं. ज्यांच्या शरीरात भूक थांबतच नाही, त्यांना नुसता निर्धार सांगून भागत नाही. लठ्ठपणा हा आजार आहे, चारित्र्याचा दोष नाही, हे मी कितीही वेळा म्हणायला तयार आहे.

द्राक्षबाग ताई, चहाचं तुमचं बोलणं लागलं आणि बरोबर आहे. तरी घर बदलेल या आशेवर औषध ठरवू नये असं मला वाटतं. आणि टिर्झेपॅटाइड हे याच कामाचं दुसरं औषध विसरू नका. सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनशी त्याची थेट तुलना झाली, 72 आठवड्यांत 20.2 टक्के विरुद्ध 13.7. ते फक्त इंजेक्शनच आहे.

द्राक्षबाग

आणि ऑर्फोरग्लिप्रॉन हे गोळीतलं नवं औषध? ते पेप्टाइड नाही, त्यामुळे उपाशीपोटी, मोजून पाणी, असली अटच नाही. अभ्यासात सगळ्यात मोठ्या मात्रेवर 72 आठवड्यांत 11-12 टक्के उतरलं. इंजेक्शनपेक्षा कमी, मान्य. पण जी माणसं सुईच्या नावाने उपचारच टाळतात, त्यांच्यासाठी 12 टक्के की शून्य, असा हिशेब आहे.

निवृत्त परिचारिका, गंगापूर रोड

सुईची भीती खरी असते, तिची थट्टा नको. पण ही सुई कसली ते आधी बघा. पेनची सुई साधारण 4 मि.मी.ची, अगदी बारीक. बेंबीपासून दोन बोटं सोडून, दर आठवड्याला जागा बदलून टोचायची. बटण दाबल्यावर लगेच ओढून काढू नका, सावकाश पाचसहा आकडे मोजा. टिर्झेपॅटाइड मार्च 2025 मध्ये आपल्याकडे पहिल्यांदा कुपीत आलं, तेव्हा सिरिंजमध्ये ओढताना लोकांचे हात थरथरायचे. पेन त्याहून खूप सोपं. वापरलेली सुई सुटी घंटागाडीत टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्याच्या हाताला लागते. जाड प्लॅस्टिकच्या डब्यात झाकण लावून साठवा.

माझं मत इंजेक्शनला, पण माझी मोठी काळजी निराळी आहे. भूक मेल्यावर बायका दोन घास पोहे खाऊन दिवस काढतात आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. डाळ, मटकी, ताक, अंडी, जे चालत असेल ते आधी ताटात. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीत बसून पाय उचलण्याचे व्यायाम तरी करावेत.

घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर ही औषधं नकोत. वहिनींचा कमी चालणारा थायरॉइड वेगळा, त्याने अडत नाही. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल तर ते सांगा. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी बंद. आणि कुठलीही शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्यांना या औषधाबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण जठर उशिरा रिकामं होतं.

ओझरकर

माझ्या पैशांच्या मुद्द्याला कुणी हात लावला नाही.

सातपूरचा केमिस्ट

लावतो. तुमची वजन परत येण्याची शंका खरी आहे. स्टेप-1 मधल्या लोकांचं औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे बीपीच्या गोळीसारखं हे लांब चालणारं काम. पहिल्या महिन्याची किंमत बघून सुरू करू नका, दोन-तीन वर्षं झेपेल का ते बघा. 2025 मध्ये वेगोव्ही, म्हणजे सेमाग्लुटाइडचंच वजनासाठीचं इंजेक्शन, आलं तेव्हा सुरुवातीच्या मात्रांना महिन्याला 17,345 रुपये होते, नोव्हेंबरात सगळ्यात छोटी मात्रा 10,850 वर आणली. मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडचं पेटंट आपल्याकडे संपलं, तेव्हापासून हिशेब बदललाय. पण स्वस्त मिळतंय म्हणून चिठ्ठीशिवाय, मोबाइलवर ओळख झालेल्या माणसाकडून घेऊ नका. कुठल्या उन्हात पडून आलंय कोण जाणे.

इंदिरानगरकर, वहिनी साखरेसाठी आणखी काय घेतात? ग्लिमेपिराइड असेल तर त्याची मात्रा कमी करावी लागू शकते. नाहीतर जेवण घटल्यावर साखर एकदम खाली जाते. आणि डोळ्यांचा पडदा तपासलाय का?

इंदिरानगरकर

ग्लिमेपिराइड सुरू आहे, मेटफॉर्मिनबरोबर. पडदा तपासलेला नाही, उद्याच वेळ घेतो. मत अजून इंजेक्शनचंच आहे. फ्रीज आमच्याकडे नीट चालतो आणि इंदिरानगरात वीज फार जात नाही. पण वहिनीला आज दोन्हींच्या पद्धती सविस्तर सांगितल्या. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की सुई टोचायची कोणी, तिने स्वतः की दुसऱ्याने? "स्वतःच शिकेन, तुमच्या वेळेवर अवलंबून नको," म्हणाली. शुक्रवारी डॉक्टरांकडे जाताना पेन हातात धरून दाखवायला सांगणार आहे.

द्राक्षबाग

शुक्रवारी गोळीबद्दलही तिलाच विचारू दे. तुम्ही मध्ये बोलू नका.