टाटा मोटर्स बुडाली म्हणणाऱ्यांनी एकदा हायवेवर उभं राहून बघावं

सहाचाकी_नगर (जुलै २००९)

गेल्या आठवड्यात 'हिशेबनीस' यांनी लिहिलं की २,५०५ कोटींचा एकत्रित तोटा (देशातला-परदेशातला सगळा धंदा धरून) म्हणजे टाटा मोटर्सला घरघर लागली, जॅग्वार-लँड रोव्हर हा दारात बांधलेला पांढरा हत्ती, आणि ज्यांनी कंपनीत मुदत ठेवी ठेवल्या त्यांनी आता देव पाण्यात ठेवावेत. वाचता वाचता माझा चहा गार झाला. दोन दिवस गप्प बसलो, पण राहवेना.

आमचा तीन पिढ्यांचा वाहतुकीचा धंदा. आजोबांची पहिली गाडी बॉनेटवाली टाटा-मर्सिडीज. मला ताळेबंद वाचता येत नाही, पण गाड्या का उभ्या आहेत ते कळतं. गेल्या दिवाळीत आमच्या सहापैकी चार गाड्या उभ्या होत्या. भाडं नाही, आणि ज्याला भाडं होतं त्याला नव्या गाडीवर कर्ज नाही. सप्टेंबरात तिकडे अमेरिकेत लेहमन बँक पडली आणि दिवाळीनंतर इकडे फायनान्सवाले फोन उचलेनात. ट्रकचं असंच असतं. मंदी आली की आधी ट्रक थांबतो, उठली की आधी ट्रकच हलतो. डिसेंबरात गाड्यांवरची अबकारी चार टक्के उतरली, फेब्रुवारीत आणखी दोन. आज सहाच्या सहा गाड्या रस्त्यावर आहेत आणि मी सातवीचं कोटेशन खिशात घेऊन फिरतोय.

पुण्या-मुंबईच्या लोकांना टाटा म्हणजे इंडिका आणि नॅनो. अहो, या घराची चूल ट्रकवर पेटते. एकट्या भारतातल्या धंद्याचा हिशेब धरला तर याच वर्षी १,००१ कोटी नफा आहे, तो साहेबांनी सोयीस्कर गाळला. २०००-०१ साली टेल्कोला, म्हणजे याच कंपनीला जुन्या नावाने, ५०० कोटी तोटा झाला तेव्हाही सगळे म्हणत होते, इंडिकेने घर बुडवलं. बुडालं का?

हिशेबनीस

सोयीस्कर गाळणं तुम्हालाही चांगलं जमतं. आदल्या वर्षी तोच नफा २,०२९ कोटी होता. निम्म्यावर आला, हे कोण सांगणार?

आणि तुमच्या सहा गाड्यांवरून एवढ्या मोठ्या कंपनीची नाडी बघू नका. जून २००८ मध्ये २.३ अब्ज डॉलर मोजून फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर हे दोन ब्रँड घेतले, तीन अब्जांच्या ब्रिज लोनवर, म्हणजे तात्पुरत्या कर्जावर. मुदत एक वर्ष! ते फेडायला राइट्स इश्यू काढला, म्हणजे आहे त्याच शेअरधारकांना नवे शेअर देऊ केले, भाव ३४०. बाजारात शेअर त्याच्या खाली गेल्यावर कोण घेणार? शेवटी टाटा सन्सलाच, म्हणजे घरच्याच मुख्य कंपनीला, उचलावा लागला. पुढे शेअर दीडशेच्याही खाली गेलेला पाहिलाय आपण. मग डिसेंबरात ११ टक्क्यांचं गाजर दाखवून पेन्शनरांकडून ठेवी. बँका हसत हसत देत असत्या तर कोथरूडच्या काकूंच्या दारात कोण आलं असतं?

फोर्डने १९८९ पासून जॅग्वारमध्ये पैसा ओतला, हाती काही लागलं नाही. १ जूनला खुद्द जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. शंभरी ओलांडलेली कंपनी. आणि आपण म्हणायचं, नगरला सातवा ट्रक येतोय!

कॉव्हेन्ट्रीचा_कोकण्या

दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. त्या तीन अब्जांतलं उरलेलं एक अब्जाचं कर्ज मे महिन्यात पुढच्या मुदतीवर गेलं, त्यामुळे 'उद्या बुडणार' हे आता जुनं झालं. पण जेएलआर (जॅग्वार-लँड रोव्हर) म्हणजे ओझंच, हेही मला पटत नाही. जॅग्वारची एक्सएफ बाजारात आहे, याच आठवड्यात नवी एक्सजे दाखवणार आहेत, आणि मागच्या वर्षी डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ठेवलेली लँड रोव्हरची ती छोटी एलआरएक्स खरंच बनवली तर बायकाही लँड रोव्हर चालवायला लागतील. या गाड्यांवरचा खर्च फोर्डच्या काळातच होऊन गेलाय. आंबे आपल्याला मिळणार, कलम दुसऱ्याने लावलेलं.

इथे इंग्लंडात जेएलआरच्या कामगारांनी मार्चमध्ये पगारवाढ सोडली, चार दिवसांचा आठवडा मान्य केला आणि बदल्यात सक्तीची कपात नाही असं लिहून घेतलं. मंदीत कंपनी अशी तरते.

मी_मराठी_०७

मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. नॅनोच्या कारखान्यासाठी बंगालातलं सिंगूर सोडलं ३ ऑक्टोबरला आणि चार दिवसांत गुजरातेतलं साणंद जाहीर! मोदींनी नेलं आणि आपले मंत्री बघत बसले. नॅनो महाराष्ट्रात का नाही?

हिशेबनीस

कारण तुम्ही तुमची जमीन द्यायला तयार नव्हता. पुढे.

भोसरी_लेथ

कॉव्हेन्ट्रीवाले साहेब, तिकडं लिहून घेतलं, चांगलं झालं. इकडं काय झालं ते ऐका. नोव्हेंबरात ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस कारखानाच बंद, हे एकट्या टाटांचं नव्हतं, पिंपरी-भोसरीच्या सगळ्या पट्ट्यात होतं. पर्मनंट माणसाला घरी बसून काहीतरी मिळालं. टेम्पररी पोराला गेटवरच सांगितलं, उद्या येऊ नको. आणि ज्याचं नाव मोठ्या कंपनीच्या वेंडर लिस्टमध्येच नाही, त्याचं कुणी काय लिहून घेणार?

माझं वर्कशॉप, सात मशीन. मी टाटांना माल देत नाही. मी ज्याला देतो तो दुसऱ्याला देतो, तो कुठल्यातरी गाडीच्या कंपनीला. नाव कुणाचंच घेत नाही, धंदा करायचाय अजून. ऑक्टोबरच्या बिलाचा चेक मार्चला आला. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून दोन ऑपरेटरांचा पगार केला, बाकी पाच जण गावी पाठवले. कंपनी सावरेल हो. सावरेपर्यंतचं कर्ज तिला आम्ही देतो, बिनव्याजी.

हिशेबनीस

बिनव्याजी का? २००६ च्या कायद्याप्रमाणे लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावंच लागतं, नाहीतर चक्रवाढ व्याज. मागा की.

भोसरी_लेथ

साहेब, तुम्ही सीए का? मग कळलं. व्याज मागितलं की पुढच्या मालाची ऑर्डर शेजारच्या शेडला जाते. कायदा माझ्याकडं पण आहे, लॅमिनेट करून भिंतीला लावलाय.

सहाचाकी_नगर

भोसरीवाल्यांशी सहमत. पण हे धाग्याच्या विषयात कुठे बसतं?

भोसरी_लेथ

बसतं ना राव. तुमच्या सातव्या गाडीचा बोल्ट मीच पाडणार आहे. मशीन बंद पडलं तर मंदी उठल्यावर माल कोण देणार? पाच पोरं गेली त्यातली तीन परत यायला तयार नाहीत. एक रिक्षा चालवतो आता.

निवृत्त_टेल्कोकर

हे सगळं १९८९ मध्ये सुरू झालं. टेल्कोतल्या युनियनचा पुढारी राजन नायर, त्याच्या त्या संपात शनिवारवाड्यावर उपोषण झालं, रात्रीतून पोलिसांनी सगळे उचलले. त्यानंतर या पट्ट्यात कोणीही मालक पर्मनंट माणूस घेताना दहादा विचार करायला लागला. मी कामावर जात होतो आणि माझा सख्खा भाऊ उपोषणाला. आई दोघांचेही डबे भरायची, म्हणजे माझा भरायची आणि त्याचा भरून तसाच ठेवायची.

टेल्कोचे जुने प्रमुख सुमंत मुळगावकर, त्यांनी माळरानावर झाडं लावून कारखाना उभा केला. त्या कारखान्यात असं होईल असं वाटलं नव्हतं.

मी_मराठी_०७

काका, म्हणजे टेम्पररी पोरांचे हाल युनियनमुळे? कमाल आहे! घाम कामगाराने गाळायचा आणि खापरही त्याच्याच डोक्यावर?

निवृत्त_टेल्कोकर

मी तसं म्हटलेलं नाही. वीस वर्षं घरात हेच ऐकतोय, आता इथेही. भाऊ गेला मागच्या वर्षी, त्याच्याशी भांडून झालंय माझं. तुमच्याशी पुन्हा भांडत नाही.

कॉव्हेन्ट्रीचा_कोकण्या

माझ्या एका वाक्यावरून एवढं होईल असं वाटलं नव्हतं. पण मुद्दा तोच. तिकडे सगळे एका टेबलावर बसले.

भोसरी_लेथ

टेबल तरी आहे तिकडं.

हिशेबनीस

बरं. भारतातला ट्रकचा धंदा वर्षभरात सावरेल, एवढं मान्य करतो. सहाचाकींनी पेढे वाटायची घाई करू नये. जेएलआरबद्दल माझं मत तेच, ती गळ्यातली धोंड आहे. आणि नॅनोच्या दोन लाख तीन हजार बुकिंगवर नाचणाऱ्यांनी बघावं, कारखाना अजून उभा व्हायचाय, गाड्या पंतनगरहून येणार, पहिल्या लाखाचे नंबर सोडतीत काढले. म्हाडाचं घर आहे की गाडी?

सहाचाकी_नगर

'एवढं मान्य करतो' याची प्रिंट काढून ठेवली आहे. जॅग्वारबद्दल मीही छातीठोक बोलणार नाही. मला एवढंच कळतं की तिचा मागचा फाळका उघडत नाही, म्हणजे माल भरता येत नाही.

शुभदा_कोथरूड

माझ्या आईने दोन लाख ठेवलेत, तीन वर्षांसाठी. 'कोथरूडच्या काकू' म्हणजे तीच समजा. सगळा धागा वाचला, तरी ठेव मोडायची की नाही ते कोणीच सांगितलं नाही. आई म्हणते, टाटा आहेत, मोडायची नाही. मी म्हणते जीएमपण होती.

हिशेबनीस

मोडा. तीन वर्षांनी व्याजासकट सगळे परत मिळाले तर इथे येऊन मला शिव्या घाला.

सहाचाकी_नगर

ताई, मोडू नका. शिव्या मी आत्ताच घालून ठेवतो.

भोसरी_लेथ

ताई, आजवरचं व्याज वेळेवर मिळालं का?

शुभदा_कोथरूड

हो, ठरल्या तारखेला. का हो?

भोसरी_लेथ

काही नाही. रांगेत आमच्या पुढं आहात.